एका बोटाची साथ

आपल्या घरी पेटी असेल, तर तिचा भाता कोणता हात हलवितो, हे आपण कधी नीट पाहिले आहे काय? उजवा हात स्वरांवर फिरतो आणि ऐकणाऱ्यांची सारी वाहवा पदरात पाडून घेतो. डावा बिचारा मागच्या अंगाला वारा घालीत बसलेला असतो. त्या डाव्या हाताची थोरवी मला कळली ती पासष्टी उलटल्यावर, आणि तीही एका विजेच्या वाद्यामुळे!

आमचे बिऱ्हाड तीन पिढ्या बडोद्यास आहे. माझी थोरली बहीण, ताई, आमच्याकडेच राहते. गुरुवारच्या भजनाला पेटी तिचीच, असा घरात जणू अलिखित नियम होता. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. देवाची कृपा अशी, की वाचा परत आली, चालणेही हळूहळू जमू लागले. परंतु डावा हात मात्र परका झाला. फक्त तर्जनी तेवढी थोडीफार ऐके. उजव्या हातातले गाणे जसेच्या तसे होते, पण भाता कोण मारणार?

“मी मारतो,” असे मी मोठ्या उत्साहाने म्हटले. वाचकहो, तो प्रयोग दोन दिवसही टिकला नाही. ती जेथे स्वर हलकेच सोडू पाही, तेथे मी जोर करी. जेथे तिला भरून हवा असे, तेथे माझा भाता रिता. “अरे, तुझ्या श्वासाने मी कशी गाऊ?” असे म्हणून तिने पेटीचे झाकण लावले. ते काही महिने उघडलेच नाही.

आता दुसऱ्या वाद्याकडे वळतो. माझ्या नातवाजवळ एक कीबोर्ड आहे. त्याच्या डाव्या बाजूच्या पट्ट्या साथीसाठी आणि उजव्या बाजूच्या सुरावटीसाठी राखता येतात. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार स्वर एकदम वाजवून जो मेळ साधतात, त्याला कॉर्ड म्हणतात. एरवी त्यासाठी तितकीच बोटे लागावयाची. परंतु या वाद्यात एक कळ फिरविली, की डाव्या हाताचे एक बोट पुरते. पांढरी एक दाबा; तिचा गंधार आणि पंचम यंत्र आपणहून मिळविते, खर्ज धरते आणि ताल सुरू करते. बोट उचलले तरी साथ थांबत नाही. दुसरी पट्टी दाबीपर्यंत तोच मेळ चालू राहतो. ही कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेतील हॅमंड कंपनीने १९५० सालीच असा एक ऑर्गन काढला होता, की ज्यात डाव्या हाताने एक बटण दाबले की अख्खी कॉर्ड उमटे. पुढे १९८० नंतरच्या दशकात जपानी कीबोर्डांनी ही सोय घरोघरी नेली.

मला या सोयीचा तिटकारा होता, हे कबूल केले पाहिजे. “तीन बोटांचे काम एका बोटाने उरकणाऱ्याला संगीत कधी यायचे?” असे मी नातवाला कितीदा तरी सुनावले होते. पेटीवरही एके काळी बोल लागले होते. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर ठेवले आणि ते दार किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. स्वतः पेटीवाला असून मी हे सोयिस्करपणे विसरलो होतो. असो.

नातवानेच एके दिवशी तो कीबोर्ड ताईपुढे ठेवला. “ताईआजी, याला भाता नाही,” एवढेच तो म्हणाला. तिने डावी तर्जनी पांढरी सहावर टेकविली, उजव्या हाताने काफीतले एक भजन धरले, आणि क्षणात तोंड वाकडे केले. कारण उघड होते. एकच पट्टी दाबली, की यंत्र मेजर कॉर्ड, म्हणजे शुद्ध गंधार, देते. काफीचा गंधार कोमल. भजनाचा गंधार एक बोले, साथीचा दुसराच!

कोमल गंधाराची मायनर कॉर्ड हवी असेल, तर यामाहाच्या रीतीत मूळ पट्टीबरोबर तिच्या डावीकडची जवळची काळी पट्टीही दाबावी लागते. (कॅसिओची रीत निराळी, तेथे उजवीकडची कोणतीही एक चालते.) आमचा कीबोर्ड पहिल्या रीतीचा. दुसरे बोट आणायचे कोठून? मी निराश झालो, पण ताई नाही. तिने तेच बोट आडवे करून पांढरी सहा आणि काळी चार यांच्या सांध्यावर निजविले. दोन्ही पट्ट्या एकदम खाली गेल्या. कोमल गंधार आला! नातू टाळ्या पिटू लागला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो, का ते आपण ओळखालच.

तेव्हापासून गुरुवारचे भजन पुन्हा सुरू आहे. सारेच साधते असे मात्र नाही. केरवा यंत्रातल्या चार मात्रांच्या ठेक्यावर बसतो, दादरा वॉल्ट्झवर चालवून घेतो. पण आमच्या वाद्यात रूपक नाही, म्हणून दोन भजने अजून मुकीच आहेत. शिवाय आमच्या गाण्याला अशा मेळाची मुळात गरज नसते. कित्येकदा तो स्वरांच्या मध्ये नको तेवढी गर्दी करतो. ताईने साथीचा आवाज अगदी बारीक करून ठेवला आहे.

तिची खरी तक्रार वेगळीच आहे. “हे दमतच नाही रे,” ती म्हणते. ओळ संपली, तिला क्षणभर थांबावेसे वाटले, तरी यंत्राचा ठेका पुढे चालूच. थांबविण्याचे बटण आहे, पण उजवा हात सुरावटीत गुंतलेला आणि डावे बोट सांध्यावर निजलेले. म्हणून ते काम आता माझ्याकडे आले आहे. मी शेजारी बसतो, तिच्या मानेकडे पाहतो आणि ती किंचित हलली की बटण दाबतो. परवाच्या गुरुवारी मी दोनदाच चुकलो.