चालायला जायचं, तेही रिक्षानं!

हैदराबादच्या हिमायतनगरात माझी अक्का राहते. भावजींचे गुडघे दुखतात, म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. इंदिरा पार्क घरापासून फार तर दीड किलोमीटर. पण भावजी तिथं चालायला जातात ते रिक्षानं! ऐकून मला हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं त्यांना पायी नेलं. ‘सावकाश होग्री,’ अक्कानं दारातून बजावलं. फुटपाथवर कुठं मोटारसायकली, कुठं दुकानाचं सामान. खाली उतरावं तर गाड्या अंगावर येतात. चौकात किती तरी वेळ उभे होतो. भावजींनी माझा हात घट्ट धरला, तेव्हा माझं हसू पळालं.

बागेत मात्र सावली, पायवाट, ओळखीच्यांच्या गप्पा. या शहरात फिरायच्या जागांची वानवा नाही. हुसेनसागरचा टँक बंड जवळच आहे. बंजारा हिल्सकडं के.बी.आर. उद्यानाभोवतीची वाट आहे. २०२३ साली बाह्य वळण रस्त्यालगत सौर पॅनेलच्या छताखाली २३ किलोमीटरचा सायकल मार्ग झाला. पण एकीकडून दुसरीकडं पायी किंवा सायकलनं निर्धास्त जाता येत नाही.

खरं तर जोडणारी रेघ तयारच आहे. हुसेनसागरचं जादा पाणी नेणारा नाला अशोकनगर, हिमायतनगरच्या बाजूनं जाऊन मुसी नदीला मिळतो. त्याच्या कडेनं झाडं लावून सलग पायवाट केली, तर तळं, बाग आणि नदी एका माळेत येतील.

कल्पनाही नवी नाही. १९०८ च्या महापुरानंतर निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. म्हैसूर संस्थानात जन्मलेले, इंजिनिअरिंग शिकले पुण्यात. म्हणजे आपल्यासारखेच दोन्हीकडचे! पूर अडवायला त्यांनी धरणं सुचवली, तशा शहरात नदीकाठी बागा आणि फिरायच्या वाटाही सुचवल्या. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. हिमायतसागर आणि हिमायतनगर, दोन्हींना नाव एकाच राजपुत्राचं. सलग वाट मात्र अजून व्हायचीच आहे.

परतताना भावजी म्हणाले, ‘उद्या आपली रिक्षाच बरी.’ मी काही बोलले नाही. नकाशावर लांबलचक हिरव्या रेघा जरूर आखाव्यात, पण सुरुवात घराजवळच्या चौकापासून करावी. आता आपल्या गावी आल्यावर आमच्या दारापासून तळ्यापर्यंत आईला एकटीनं जाता येईल का, ते आधी चालून बघणार आहे. तुम्हीही बघा.