एकोणसाठ खड्डे

मंडळी, आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आणि मराठी आकडे या दोन्ही बाबतीत माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. 'एकोणसाठ' म्हटलं की मी अजूनही दोन सेकंद थांबते. फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन? या लेखाची सुरुवातच मुळी अशा एका आकड्याने झाली.

आमचं घर वाईजवळ. आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. गेल्या वर्षीपासून त्यांचं डायलिसिस सुरू आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, साताऱ्याला. किडनीच्या आजारात हाडंही ठिसूळ होतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. कंबरेचा एक मणका दबलाय, त्यामुळे गाडी जरा आदळली की ते डोळे मिटून घेतात. तोंडातून मात्र चकार शब्द नाही! मास्तर ना शेवटी.

दिवाळीच्या सुट्टीत एका शुक्रवारी मी त्यांच्यासोबत गेले. परतीच्या वाटेवर पाचवड फाट्याला वळल्यावर ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं जप चाललाय. घरी उतरताना म्हणाले, "एकोणसाठ."

"काय एकोणसाठ, आजोबा?"

"खड्डे. जे कंबरेला कळले ते."

आणि माझी बावळट रिॲक्शन काय? "म्हणजे फिफ्टी नाइन ना?" ते हसले. पण त्या रात्री मला काही झोप लागली नाही. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, 'व्हायब्रेशन्स'मध्ये बऱ्यापैकी मार्क, आणि माझ्या घरच्या गाडीत माझे आजोबा खड्डे मोजतायत!

आमची गाडी म्हणजे २००७ सालची डिझेल इंडिका. १९९८ साली जेव्हा इंडिका आली तेव्हा 'आपल्या देशात घडलेली गाडी' म्हणून बाबा भारावून गेले होते म्हणे; घ्यायला मात्र नऊ वर्षं लागली. आता तिचं उत्पादनही बंद झालंय (२०१८). आमच्या गाडीला २०२२ मध्ये पंधरा वर्षं झाली, तेव्हा आर.टी.ओ.त फिटनेस करून, ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. नवीन गाडी घेणं शक्य नाही. डायलिसिसचा खर्च ज्यांच्या घरी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी पेन्शनच्या पाकिटातून बारा हजार काढून माझ्या हातात ठेवले. "इंजिनीअर आहेस ना? बघ."

मी बघायला लागले. आधी सगळ्यात सोपी टेस्ट. बॉनेटचा कोपरा दाबायचा आणि सोडायचा. शॉकॲब्सॉर्बर चांगला असेल तर गाडी वर येऊन लगेच स्थिरावते. आमची मस्तपैकी तीन वेळा डोलली, नंदीबैलासारखी! पुढच्या दोन्ही स्ट्रटवर तेल ओघळलेलं. मागचे मात्र कोरडे, आणि दाबून सोडल्यावर नीट स्थिरावणारे. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची चारही बाजूंना टेपने मोजली. डावी-उजवी जवळजवळ सारखी. म्हणजे स्प्रिंगा बसलेल्या नाहीत, त्या बदलायची गरज नाही.

इथे एक गैरसमज दूर करते, माझाही होता. गाडीचं वजन शॉकॲब्सॉर्बर पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. शॉकॲब्सॉर्बर फक्त स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. तेल गळलं की नाच थांबवणारं कोणी उरत नाही.

हॉस्टेलवर परत आल्यावर सल्ल्यांचा पाऊस! एक म्हणाला, गॅसवाले कडक 'स्पोर्ट' शॉक टाक, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. दुसरा म्हणाला, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकव, काम स्वस्तात होईल. तिसरा म्हणाला, भंगारातून जुने आण. मला पहिला सल्ला एकदम पटला. डॅम्पिंग जास्त म्हणजे कंट्रोल जास्त, पुस्तकात तर तसंच दिसतं! मी उत्साहाने वाईच्या मिस्त्रीकाकांना फोन केला.

ते शांतपणे म्हणाले, "ताई, गाडी रेसला न्यायचीय का आजोबांना न्यायचंय?"

मी गप्प. वही पुन्हा उघडली. आरामदायी गाडीची बॉडी साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते. आपल्या चालण्याच्या लयीच्या जवळपास, म्हणून ती लय अंगाला खुपत नाही. रबरी बफरने स्प्रिंग कडक केली की ही लय जलद होते. आणि डॅम्पिंग फार वाढवलं तर झुलणं थांबेल, पण खड्ड्याचा दणका थेट सीटपर्यंत येईल. परीक्षेत 'क्रिटिकल डॅम्पिंग' आदर्श वाटतं. पण साध्या गाड्यांत मुद्दाम त्याच्या निम्म्याहूनही कमी ठेवतात. थोडं झुलू द्यावं लागतं! भंगारातला जुना शॉक तर आधीच कोणाचे तरी खड्डे खाऊन बसलेला. तोही बाद.

म्हणजे उत्तर अगदी बोअरिंग होतं: कंपनीने जसा दिला होता तसाच, साधा, नवा, आणि पुढचे दोन्ही जोडीने. एकच बदलला तर डावी-उजवी बाजू वेगळी वागते.

आणि 'खट्' असा जो आवाज यायचा, तो शॉकचा नव्हताच. मिस्त्रीकाकांनी टॉमी लावून दाखवलं. लोअर आर्मचे बुश फाटलेले, बॉल जॉइंट ढिला. टायर आतल्या बाजूने का झिजत होता, तेही कळलं.

पुण्यात नाना पेठेत दोन शनिवार फिरले. दुकानदार आधी विचारतात, "पेट्रोल का डिझेल?" हा प्रश्न महत्त्वाचा. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पार्ट वेगळे असू शकतात. मी जुन्या पार्टचा नंबर लिहूनच नेला होता. हिशेब असा: पुढचे स्ट्रट ४,४००, मागचे शॉक २,४००, लोअर आर्म ३,२००, स्ट्रटचे वरचे माउंट १,१००, मजुरी २,०००, अलाइनमेंट ५००. एकूण १३,६००. सोळाशे जास्त! मागचे शॉक पुढच्या वर्षावर ढकलले. उरलेल्या पैशांत सातशेचे लिंक रॉड. ११,९००. शंभर रुपये शिल्लक.

स्वारगेटवरून एस.टी.त मांडीवर ते स्ट्रट घेऊन बसले, तर कंडक्टर म्हणाला, "ताई, याचं हाफ तिकीट काढू का?"

काम चालू असताना एकदाच मी तोंड उघडलं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळती, आणि पोऱ्या लोअर आर्मचे बोल्ट पक्के आवळायला निघाला. मी म्हटलं, "काका, गाडी खाली टेकवून आवळू या का? आत्ता आवळले तर खाली उतरवल्यावर बुश कायमचा पिळलेला राहील, लवकर फाटेल." मिस्त्रीकाका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पोऱ्याला म्हणाले, "फळ्या आण रे." चाकांखाली फळ्या घालून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच बोल्ट आवळले. त्या दिवशी माझी डिग्री अर्धी तरी वसूल झाली! अर्ध्याहून जास्त काकांनी शिकवली, ते वेगळं.

अलाइनमेंट झाली. टायरमध्ये हवाही फार भरलेली होती, ती मॅन्युअलप्रमाणे कमी केली. त्याला तर पैसेही लागले नाहीत.

पुढच्या मंगळवारी मी क्लास बुडवला (अटेंडन्सचं नंतर बघू). साताऱ्याहून येताना आजोबा पुन्हा पुटपुटत होते. मी मागे वळून बघायचं धाडस केलं नाही. आमचं दार आलं. ते उतरले, काठी टेकवली.

"एकोणतीस."

मी या वेळी विचारलं नाही. एकोण म्हणजे एक उणे, तीसला एक कमी. त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं, मीच विसरले होते.

"शून्य नाही झाले, आजोबा," मी म्हटलं.

"रस्ता तोच आहे बाळा," ते म्हणाले, "तीस तर कमी केलेस." आणि उंबरठ्याशी थांबून पुढे, "मागचे शॉक कधी बदलायचे म्हणालीस?"

"पुढच्या वर्षी."

"बरं. मग तोवर मोजत राहतो."