उडाला तो नेमका कोण?

शनिवारी पहाटे साडेचारला अलार्म वाजला तेव्हा पहिला विचार आला, ‘हे मी का करतेय?’ आठवडाभर डेडलाइनच्या मागे धावायचं आणि सुटीच्या दिवशी अंधारात सोलापूर हायवे गाठायचा! पण यंदा जाणं भागच होतं. गेल्या जानेवारीतला एक आकडा मनात सलत होता.

पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण. भीमा नदीवर उजनीचं धरण झालं आणि त्याचं पाणी इथवर पसरलं. हिवाळ्यात ते हळूहळू मागे सरकतं, काठाचा चिखल उघडा पडतो आणि तिथे उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांची पंगत बसते. बहुतेक जण येतात ते फ्लेमिंगोंसाठी. उंच, गुलाबी, ओळखायला चुकायचा प्रश्नच नाही. माझं घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. हौशी मंडळीही त्यात मोजायला असतात. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला आले ‘ते छोटे तपकिरी’, कारण ते कुणालाच नको होते! मराठीत तुतवार, इंग्रजी पुस्तकात सँडपायपर. चिखलात उभे असताना एक वेळ जमतं. पण होडी जवळ गेली की भुर्रकन उडतात आणि तुमच्या हातात उरतात जेमतेम तीन सेकंद. मी सरसकट ‘वूड सँडपायपर – ४०’ लिहून मोकळी झाले. टाइमशीटमध्ये आपण रोज आठ तास भरतो ना, अगदी तसं.

यंदा कुंभारगावहून होडीत बसले, तेव्हा होडीवाल्या मामांना हे सांगून टाकलं. ते हसले. ‘ताई, रंग काय बघताय? उडताना पाठ बघा, पंखाखाली बघा. आन् कान उघडे ठेवा.’

पहिला उडाला तो पाण्याला चिकटून. पंख ताठ, खाली झुकलेले; दोन-चार वेळा फडफड, मग जरासं तरंगणं. पंखावर लांब पांढरी रेघ, पण शेपटीच्या मुळाशी पांढरं काहीच नाही. हा कॉमन सँडपायपर. एवढं तर मलाही जमलं.

खरी गंमत पुढच्या दोघांची. काठाच्या एका चरातून एकटाच पक्षी ‘ट्लुईट-वीट-वीट’ असा खणखणीत ओरडत उठला. पाठ आणि पंख जवळजवळ काळे, शेपटीच्या मुळाशी चुन्याचा हात मारल्यासारखा पांढराशुभ्र डाग. पंख वर गेले तर खालची बाजूही काळीच. हा ग्रीन सँडपायपर. नावात हिरवा असला तरी उडताना दिसतो ब्लॅक अँड व्हाइट! मग उघड्या दलदलीतून सात-आठांचा थवा उठला, ‘चिफ-इफ-इफ’ करत. पाठ तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरं आहे, पण तितकं डोळ्यात भरत नाही. पंखाखाली फिकट, आणि पाय शेपटीच्या बराच बाहेर निघालेले. हाच तो वूड सँडपायपर.

म्हणजे प्रश्न तीनच. शेपटीच्या मुळाशी पांढरं आहे का? पंखाखाली काळं की फिकट? पाय मागे किती बाहेर? तरी अडलात, तर आवाज. बोनस म्हणून एक रेडशँकही दिसला. त्याच्या पंखाच्या मागच्या कडेला साडीच्या काठासारखी रुंद पांढरी किनार असते. एकदा पाहिली की विसरत नाही.

तरीही सूर्य समोर आला की सगळे पक्षी काळेच दिसतात. अकरा जण तसेच निसटले. पेन पुन्हा ‘वूड’च्या रकान्याकडे वळलं होतं. मामा काही बोलले नाहीत, नुसते बांबूने होडी ढकलत राहिले. मी लिहिलं : वूड २३, ग्रीन २, कॉमन ५, न ओळखलेले ११.

कुठला पक्षी कमी होतोय, कुठली पाणथळ जागा जपायला हवी, हे ठरवताना असेच वर्षानुवर्षांचे आकडे समोर ठेवतात. त्यात माझे ते ऐटदार ४० बसलेत. काठावर आल्यावर गणनेच्या संयोजकांना फोन लावला. ‘गेल्या वर्षीचा माझा आकडा धरू नका. मी अंदाजे लिहिला होता.’ मीटिंगमध्ये असं बोलायची हिंमत माझ्यात अजून आलेली नाही. पलीकडून दोन सेकंद शांतता. मग उत्तर आलं, ‘बरं झालं सांगितलंस. पुढच्या वर्षीही छोटे तपकिरी तुझ्याकडेच.’

मग चुलीवरच्या चिलापीच्या कालवणावर ताव मारला.

कसं जाल? : पुणे-सोलापूर हायवेने भिगवण, तिथून कुंभारगाव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उजाडायच्या आत पोचा, दुर्बीण न्या आणि होडीत बसताना सूर्य पाठीशी राहील असं बघा.