भुऱ्याची दाढ

दिंडोरीत जनावरांचा डॉक्टर म्हटलं की गाय, म्हैस, बैल, शेळी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळी जाऊन बसा. कुणाची गाय गाभण राहत नाही, कुणाच्या शेळीचं पोट फुगलंय, कुणी लाळ-खुरकुताच्या लसीची चौकशी करायला आलंय. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. ज्या जनावरावर घर चालतं त्याचा नंबर आधी लागणारच. पण आमच्या बोक्याला शुगर आहे, त्याची दाढ दुखतेय आणि ती काढायला नाशिकला चाललोय, असं चौकात सांगितलं की समोरचा आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. गेल्या वर्षभरात हे हसू मी बऱ्याचदा बघितलं. हसणाऱ्यांपैकीच दोघातिघांनी नंतर एकटं गाठून विचारलं, "आमच्या मांजराच्याही तोंडाला घाण वास येतो, काय करायचं?" म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतो.

भुऱ्या नऊ वर्षांचा. माझ्या मुलीने द्राक्षांच्या पॅकिंग शेडमधून उचलून आणला तेव्हा मुठीएवढा होता. पुढे नसबंदी झाली, बाहेरची भटकंती संपली आणि साहेब सहा किलोंचे झाले. जाड, वयस्क, नसबंदी झालेला नर. मांजराला डायबेटिस व्हायला जे जे पोषक असतं ते सगळं त्याच्याकडे जमलेलं होतं.

आजार ओळखला तो अम्मीने. तिला स्वतःला पंधरा वर्षांपासून शुगर आहे, त्यामुळे या विषयात घरात तिचा शब्द शेवटचा. भुऱ्या वुजूसाठी भरून ठेवलेल्या बादलीत तोंड घालून पाणी पितो, हे नेहमीचंच. त्याबद्दल आमच्याकडे कुणी ओरडत नाही. अबू कतादा यांची सून कब्शा त्यांच्या वुजूचं पाणी ओतत होती, तेवढ्यात मांजर आलं, तर त्यांनी भांडं तिरकं करून त्याला पिऊ दिलं. सून चकित होऊन बघायला लागली तेव्हा त्यांनी सांगितलं, की पैगंबरांनी मांजराला नापाक मानलेलं नाही, ते तुमच्या अवतीभोवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. (मुइज्जा नावाच्या मांजरासाठी सदऱ्याची बाही कापल्याची जी गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरते, ती मात्र विश्वासार्ह हदीस संग्रहांत नाही. मांजरावर जीव लावायला तिची गरजही नाही.)

तर पाणी पिण्याचं काही नव्हतं, पण तो आता दिवसातून आठ-दहा वेळा बादलीपाशी दिसायला लागला. "इसको भी मेरीच बीमारी लगी दिखती," अम्मी म्हणाली. मग एक दिवस ओट्याच्या कोपऱ्यात त्याने लघवी केली होती तिथे मुंग्यांची रांग लागली. खाणं दुप्पट झालं आणि वजन मात्र साडेचार किलोंवर आलं. मागचे पाय तो टाचा जमिनीला टेकवून टाकायला लागला. शुगर बरेच दिवस चढलेली राहिली की मांजराच्या पायांच्या नसांवर असा परिणाम होतो. नाशिकच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, शुगर चारशेच्या वर होती. त्या दिवसापासून बारा-बारा तासांनी इन्सुलिन.

त्यांनी मागचा इतिहास विचारला, तेव्हा एक गोष्ट निघाली. वर्षभरापूर्वी भुऱ्याच्या हिरड्या सुजल्या होत्या, खाताना मान एका बाजूला करायचा. तेव्हा एका ठिकाणी त्याला सूज उतरायची इंजेक्शनं दिली होती, दोन वेळा. जादू झाल्यासारखा खायला लागला होता. ती स्टेरॉइडची होती. स्टेरॉइडने हिरडीची सूज झटकन उतरते, पण त्याने शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही कमी होतो आणि काठावर असलेल्या मांजराला शुगर होऊ शकते. डॉक्टरबाई कुणावर बोट ठेवायला तयार नव्हत्या. वजन आणि वय होतंच, म्हणाल्या, नुसत्या इंजेक्शनने झालं असं सांगता येणार नाही. पण ज्या तोंडासाठी ती इंजेक्शनं दिली ते तोंड तसंच राहिलं होतं, हे खरं.

इन्सुलिनचंही आमच्या घरात एक प्रकरण झालं. जनावरांसाठी म्हणून जे खास इन्सुलिन मिळतं ते डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. कुत्र्याचं स्वतःचं इन्सुलिन हुबेहूब डुकरासारखं असतं, म्हणून कुत्र्यांना ते छान चालतं. मांजराचं इन्सुलिन गाईच्या जवळचं, एका अमिनो आम्लाचा काय तो फरक. (गाईचं नाव निघालं की आमच्या घराच्या खिडक्या आपोआप लोटल्या जातात, म्हणून ते इथेच सोडतो.) भुऱ्याला डॉक्टरबाईंनी माणसांचंच ग्लार्जिन लिहून दिलं. ते प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करून घेतात आणि मांजरात त्याचा परिणाम बराच वेळ टिकतो. आमची चर्चा ऐकून अम्मी म्हणाली, "वो चूहे खाता है, उसको काय का हलाल-हराम!" प्रकरण तिथेच मिटलं.

एक सूचना मात्र कामाची आहे. जनावरांच्या इन्सुलिनमध्ये एका मिलीलिटरला 40 युनिट असतात, माणसांच्या बहुतेक पेनांमध्ये 100. एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली की डोस अडीच पट इकडे किंवा तिकडे जातो. आमच्या फ्रिजच्या दारात दोन पेन असतात. भुऱ्याच्या पेनाला हिरवा दोरा बांधलेला आहे. रमजानमध्ये मगरिबची अजान झाली की आधी खजूर, मग भुऱ्याची वाटी आणि वाटीवर तो वाकलेला असतानाच मानेमागच्या सैल कातडीत सुई. त्याला कळतही नाही.

चार महिने बरं चाललं. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त काढायला माझी मुलगी शिकली. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं, म्हणून एका आकड्यापेक्षा आठवड्याचा चढउतार बघायचा असतो. मग तो चढायला लागला. एक युनिटचे दोन झाले, दोनाचे तीन, तरी साडेतीनशे. डॉक्टरबाईंनी पेनची तारीख बघितली, खाणं विचारलं, आणि मग त्याचं तोंड उघडून टॉर्च मारला.

हिरड्या लालभडक. मागच्या दाढांवर पिवळं कीटण. खालच्या जबड्यातल्या एका दाढेवर हिरडी चढल्यासारखी दिसत होती. तिथे दाढच अर्धी खाल्ली गेली होती. मला वाटलं कीड. पण माणसासारखी कीड मांजराच्या दाताला जवळपास लागतच नाही. मांजराच्या शरीरातल्याच काही पेशी दात पोखरायला लागतात, का ते अजून नीट उमगलेलं नाही, आणि वय झालेल्या मांजरांत हे फार आढळतं. खड्डा नसेपर्यंत गेला की हवा लागली तरी कळ येते. भुऱ्या तरीही खात होता. मला हेच समजेना, इतकं दुखतंय तर खातो कसा? मांजर दुखणं दाखवत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, ते चावणं सोडतं आणि गिळायला लागतं. घरी येऊन बघितलं तर खरंच, सुक्या बोंबलाचे तुकडे तो सरळ गिळत होता.

तोंडातला हा सततचा जंतुसंसर्ग शुगर चढवतो, इन्सुलिनला दाद देऊ देत नाही. आणि शुगर चढलेली असली की हिरड्या बऱ्या होत नाहीत. शुगर उतरल्यावर दाढ काढू म्हणावं तर दाढ असेपर्यंत शुगर उतरणार नाही. कुठेतरी धोका पत्करून हे तोडावं लागतं, आणि ते शुगरच्या बाजूने तुटत नसेल तर दाढेच्या बाजूने.

हे मी घरी सांगत होतो तेव्हा अम्मी तांदूळ निवडत होती. तिच्या खालच्या दोन दाढा दोन वर्षांपासून हलतायत. शुगरच्या माणसाने दात काढायचा नाही, जखम भरत नाही, वरची दाढ काढली तर नजर जाते, हे सगळं तिला तिच्या बहिणींनी सांगून ठेवलंय. तिचं सूप थांबलं, मग पुन्हा चालू झालं. ती काही बोलली नाही.

खर्च साडेनऊ हजार होता. रक्ताच्या तपासण्या, भूल, एक्स-रे, दाढा काढणं सगळं धरून. मोहल्ल्यातल्या एका चाचांनी जुम्याच्या नमाजनंतर मला थांबवून विचारलं, "बेटा, इतने में किसी गरीब के बच्चे की फीस नहीं भरती?" भरते. प्रश्न खोटा नाही. पण हा प्रश्न नवा मोबाइल घेणाऱ्याला, वलीम्यात तीन गोड पदार्थ ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही, मांजरवाल्यालाच विचारतात. शिवाय आपल्या फिकहमध्ये पाळलेल्या जनावराचा खर्च मालकावर वाजिब आहे, ती खैरात नव्हे. मांजर बांधून ठेवून ना खायला दिलं ना सोडलं, त्या बाईची हदीस चाचांनीच आम्हाला लहानपणी मदरशात शिकवली होती. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "खाना देना लिखा है, दांत का नहीं लिखा." आणि हसले. मीही हसलो. पण जो गिळू शकतो आणि चावू शकत नाही त्याच्यापुढे वाटी ठेवली म्हणजे खाऊ घातलं, असं मला वाटेना.

फेब्रुवारीत गेलो. हंगाम भरात, रस्त्यावर द्राक्षांचे पिकअप आणि ट्रॅक्टर. भुऱ्याची स्वारी मित्राच्या ओम्नीत, द्राक्षाच्या दोन क्रेट एकमेकींवर पालथ्या घालून सुतळीने बांधलेल्या, आत मुलीची जुनी ओढणी. अक्राळे फाट्यापर्यंत ओरडला, म्हसरूळ आलं तेव्हा गप्प झाला. ते गप्प होणं मला जास्त लागलं.

शुगरच्या मांजराला सकाळी पहिल्या नंबरला घेतात, म्हणजे उपाशी राहायचा वेळ कमीत कमी. इन्सुलिनचा निम्माच डोस द्यायला सांगितला होता. मूत्रपिंडाचे रिपोर्ट आदल्या आठवड्यात बघून घेतले होते. पायात सलाइनची सुई, श्वासनलिकेत नळी, आणि मधूनमधून शुगर तपासणं, कारण भुलेत शुगर उतरली तर ते जनावर लडखडून वगैरे आपल्याला काही सांगू शकत नाही. एक्स-रेशिवाय हात लावणार नाही, हे डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं. मांजराला तीस दात, त्यातले कोणते मुळाशी किती पोखरलेत हे वरून दिसत नाही. मूळ शाबूत असेल तर अख्खी दाढ काढावी लागते. मूळ हाडात विरघळून गेलं असेल तर वरचा भाग काढून हिरडी शिवतात. भुऱ्याच्या एकूण चार निघाल्या. एक पोखरलेली आम्हाला दिसली होती, दुसरी एक्स-रेत सापडली, आणि दोन हिरडीच्या आजाराने हललेल्या.

बाहेर बाकावर आम्ही बाप-लेक अडीच तास बसलो. शेजारी एक आजोबा आपली जर्मन शेफर्ड घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, "कशासाठी?" मुलगी म्हणाली, "दाढ." त्यांना हसू आलं नाही, त्यांनी कुत्रीचा ओठ वर करून आम्हाला तिचे दात दाखवले.

दोन गोष्टी त्या दिवशी कागदावर ठळक लिहून मिळाल्या. एक, दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल कधीही द्यायची नाही, एका गोळीने मांजर मरू शकतं. दुसरी, आता पुढचे पंधरा दिवस शुगर चढण्यापेक्षा उतरण्याची भीती जास्त. संसर्ग गेला की तेच तीन युनिट भारी पडू शकतात. लडखडला, मलूल झाला तर हिरडीला मध चोळायचा आणि गाडी काढायची.

नवव्या दिवशी संध्याकाळी मीटरने 68 दाखवले. फोन केला, त्या वेळचा डोस थांबवला, दुसऱ्या दिवसापासून निम्मा. आता एका युनिटवर आहे. काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं म्हणे, भुऱ्याचं सुटेल की नाही सांगता येत नाही. वुजूच्या बादलीपाशी तो दिवसातून एकदा-दोनदा येतो. बोंबील पुन्हा चावून खातो, उरलेल्या बाजूने.

परवा तो अम्मीच्या मांडीवर झोपला होता. तिने त्याचा ओठ अंगठ्याने वर केला, बराच वेळ बघितलं.

"भर गई क्या जखम?"

"भर गई."

"चार निकाले ना इसके?" ती म्हणाली. "मेरे तो दोच हैं. सोमवार को कौनसा डॉक्टर बैठता है?"