वस्तूंचा पुढचा मुक्काम

नकोशी झालेली वस्तू घराबाहेर काढण्यासाठी मराठीत बरीच क्रियापदे आहेत. आपण वस्तू देतो, विकतो, मोडीत काढतो, विसर्जित करतो आणि टाकतो. वरवर पाहता या सर्व क्रियांचे फलित एकच: वस्तू आपल्या घरात उरत नाही. परंतु तुम्ही विभक्तीचा अभ्यास केलेला आहे, तेव्हा या वाक्यांकडे थोडे व्याकरणाच्या नजरेने पाहा. 'मी साडी टाकली' हे वाक्य पूर्ण आहे. 'मी साडी दिली' असे म्हणताच मात्र समोरचा माणूस विचारतो, 'कोणाला?' 'देणे' या क्रियापदाचे कर्ता आणि कर्म यांवर भागत नाही. त्याला घेणारा लागतो. चतुर्थीच्या या कारकार्थाला आपले व्याकरण 'संप्रदान' म्हणते. 'टाकणे' या क्रियापदाला संप्रदानाची गरज नाही. घर आवरण्यातील जबाबदारीचा सारा प्रश्न मला या एका व्याकरणिक फरकात सामावलेला दिसतो.

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. आईच्या पश्चात राधानगरीचे आमचे घर रिकामे करावे लागले, तेव्हा तो प्रत्यक्ष समोर उभा राहिला. भावंडांपैकी तेथे राहणारे कोणीच उरले नव्हते. पावसाळ्यापूर्वी घर मोकळे करणे भाग होते, कारण राधानगरीचा पाऊस बंद घराला क्षमा करीत नाही. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कापडावर बुरशी धरते, पुस्तकांना वाळवी शोधून काढते. जपून ठेवले म्हणजे वस्तू टिकते हा समज कोरड्या प्रदेशातला असावा. आमच्याकडे न वापरलेली वस्तू माळ्यावर बसल्या बसल्या मरते. 'असून अडचण, नसून खोळंबा' ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो, पण त्या माळ्यावरील निम्म्या सामानाला ती चपखल लागू पडत होती.

माझ्या भावाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. एका भंगारवाल्याला बोलवावे, सारे सामान एकगठ्ठा द्यावे आणि दोन दिवसांत किल्ली फिरवावी. मला आठवडा हवा होता. आमच्यात वाद झाला, पण तो पैशांचा नव्हता. भाऊ म्हणाला, "आई गेली. आता या वस्तूंना काय विचारत बसायचं?" मी म्हणाले, "वस्तूंना नको, घेणाऱ्यांना विचारू." अखेर आठवडा मिळाला, आणि त्या आठवड्यात एका भाषेच्या अभ्यासकाला कोशांनी जे शिकवले नव्हते, ते आईच्या ट्रंकांनी शिकवले.

पहिली ट्रंक कापडांची होती. तुमच्या घरी आजी असेल तर तिला जुन्या लुगड्याचे पुढे काय होत असे, ते विचारा. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की ते तेथे फाडून धड भाग एकत्र शिवत. त्या जोडाला 'दंड' म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ नेसले जाई. मग त्याचे 'जुनेर' होई. जुनेर मऊ असते, म्हणून त्याची बाळुती आणि दुपटी होत. उरलेले तुकडे थरावर थर ठेवून धावदोऱ्याने शिवले की त्याची 'वाकळ' होई. इतरत्र तिला गोधडी म्हणतात. त्याहून लहान तुकड्याचे चुलीजवळचे 'मसोते', डोक्यावरच्या घागरीखालची 'चुंबळ', आणि शेवटी जमीन सारवण्याचे 'पोतेरे'. एका कापडाच्या वार्धक्याला भाषेने इतकी नावे दिली होती. प्रत्येक नाव म्हणजे एक मुक्काम होता, आणि पुढचा मुक्काम ठाऊक असल्यामुळे कापड टाकण्याची वेळ सहसा येत नसे. आज आपल्या कपाटातील कृत्रिम धाग्याचा कुडता नवा असतो किंवा जुना असतो. मधल्या अवस्थांना शब्द नाहीत. ज्या अवस्थेला नाव नाही, तिचा उपयोग आपल्याला सुचत नाही, असे मी वर्गात सांगत असे. ट्रंकेपुढे बसल्यावर ते पटले.

आईच्या साड्या निघाल्या तेव्हा तिच्या हाताखाली अनेक वर्षे काम केलेल्या मावशींना आम्ही बोलावले आणि कोणत्या हव्यात ते विचारले. त्यांनी एकेक साडी उजेडात धरून पाहिली, दोन बाजूला काढल्या आणि म्हणाल्या, "ताई, दोनच नेतो मी. समद्या नेल्या तर तुमच्या घरची अडगळ माझ्या घरात यायची. माझं घर काय तुमचा माळा हाय?" (आमच्याकडे स्त्रियाही 'नेतो'च म्हणतात.) त्या हसत बोलल्या, पण वाक्य हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. दान करणाऱ्याला आपले घर मोकळे झाल्याचे समाधान मिळते. घेणाऱ्याच्या घरात किती जागा आहे, हे दात्याच्या हिशेबात क्वचितच असते. उरलेल्या सुती साड्यांच्या मावशींच्याच सुनेने रीतसर मजुरी ठरवून तीन वाकळी शिवून दिल्या. आम्हा भावंडांच्या घरी आज त्या वापरात आहेत.

मावशींचे हे शहाणपण मोठ्या प्रमाणावर किती उपयोगी आहे, ते ऑगस्ट २०१९ मध्ये दिसले. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत महापूर आला, आणि महाराष्ट्रभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. ती माणुसकी विसरण्याजोगी नाही. पण त्या मदतीत वापरलेल्या कपड्यांचे ढीगही होते, आणि त्यांतील बरेचसे कोणाच्या अंगावर चढण्यासारखे नव्हते. ज्यांच्या घरातला स्वतःचा चिखलाने भरलेला संसार रस्त्यावर ढिगाने पडला होता, त्यांच्यापुढे दुसऱ्यांच्या कपाटातला नको असलेला संसार येऊन पडला. ते कपडे पाठवणाऱ्यांनी 'दिले' असे म्हटले असेल. संप्रदान नसल्यामुळे व्याकरणाने ते 'टाकले'च ठरतात. याच्या उलट उदाहरण म्हणून १९९९ मध्ये दिल्लीत अंशु गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेकडे पाहा. ही संस्था शहरांतून कपडे गोळा करते, त्यांची छाननी करते आणि खेड्यांत ते श्रमाचा मोबदला म्हणून पोहोचवते. गावकरी विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि कपडे कमावतात. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याची मान ताठ राहील अशी व्यवस्था करणे हेही देण्याचेच अंग आहे.

नेसण्याजोगे किंवा शिवण्याजोगे नसलेले कापडही वाया जाईलच असे नाही. आपल्या भाषेत 'पानिपत' म्हणजे सर्वनाश. १७६१ ची जखम त्या शब्दात अजून ओली आहे. हरयाणातील त्याच पानिपत गावात आज जुन्या लोकरी कपड्यांचे तुकडे करून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे विणतात. आईच्या जीर्ण स्वेटरांचे 'पानिपत' व्हावे, असे मी त्यानंतर अगदी शुभार्थाने म्हणू लागले आहे.

दुसरी ट्रंक भांड्यांची. घंगाळ, हंडा, कळशी, तांबे, चेपलेली पातेली. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार तुम्ही माणसाला निरुपयोगी ठरवण्यासाठी वापरत असाल. मूळची 'मोड' म्हणजे फुटकी भांडी किंवा जुने दागिने, जे केवळ धातूच्या वजनावर विकले जातात. मोडीत गेलेल्या पितळेचे नवे भांडे होते. म्हणजे मुळात त्या शब्दात शेवट नव्हता, पुनर्जन्म होता. धातूंचे हे वैशिष्ट्यच आहे. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरण्यास नव्या ॲल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. लोखंडाचे म्हणाल तर कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्या प्रसिद्ध आहेत. भंगारातले लोखंड हा त्या भट्ट्यांचा एक कच्चा माल आहे. आमच्या परसातील गंजलेल्या फाळालाही पुढचा मुक्काम होता.

तिसऱ्या ट्रंकेत कागद होते, आणि येथे मात्र मी तुम्हाला सावध करू इच्छिते. 'रद्दी' हा शब्द ज्या अरबी मुळापासून आला, त्याच मुळापासून 'रद्द' आला आहे. रद्दी म्हणजे नाकारलेले. एखादा कागद नाकारण्यापूर्वी तो वाचावा लागतो. आमच्या ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतील काही गहाणखते आणि हिशेबाचे कागद होते. घरात कोणालाच ते वाचता येत नव्हते, आणि वाचता न येणे म्हणजे निरुपयोगी असणे नव्हे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतली दप्तरे मिळवली नसती, तर १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड झालेच नसते. त्या काळीही ती दप्तरे अनेकांना अडगळच वाटत असणार. तुमच्या घरी मोडी कागद निघाले तर ते जाणकाराला दाखवा. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, विद्यापीठांच्या ग्रंथालयांत हस्तलिखितांचे विभाग आहेत. भालचंद्र नेमाडे यांनी २०१० मध्ये आपल्या कादंबरीच्या नावात 'अडगळ' या शब्दाला 'समृद्ध' हे विशेषण जोडले, तेव्हा ते अनेकांना विसंगत वाटले असेल. माळा उपसणाऱ्या माणसाला वाटणार नाही.

पुस्तकांचेही संप्रदान शोधावे लागते. गावातील सार्वजनिक वाचनालयाला कथा-कादंबऱ्या, कोश, चरित्रे हवी असतात. अभ्यासक्रम बदलल्यावरची जुनी मार्गदर्शके, वापरलेल्या दैनंदिन्या, वाळवी लागलेले अंक ग्रंथपालाच्या टेबलावर नेऊन ठेवणे ही देणगी नव्हे. वाळवीचे एक पुस्तक शेजारच्या शंभर पुस्तकांना पुरते. आधी यादी पाठवावी, त्यांनी खुणा केलेलीच पुस्तके न्यावीत.

आता राहिले ते, ज्याला देता येत नाही आणि मोडीतही घालता येत नाही. 'टाकणे' या क्रियापदाला घेणारा लागत नसला तरी स्थळ लागते. ते स्थळ आपण 'बाहेर' या एका शब्दात उरकतो. राधानगरीत उभे राहून हे 'बाहेर' कोठे आहे ते शोधून पाहा. वरच्या अंगाला राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले धरण आणि त्यापलीकडे दाजीपूरचे गव्यांचे जंगल. हे अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. खालच्या अंगाला भोगावती. तिच्यात सोडलेली पिशवी पंचगंगेत जाते, कोल्हापूरला जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. जाळावे म्हटले तर धूर आपल्याच गावात उतरतो. 'बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो' असे आपण म्हणतो, कारण जुन्या उकिरड्याचे खत होऊन ते शेतात जात असे. प्लास्टिक मिसळलेल्या उकिरड्याचा पांग बारा वर्षांनी फिटत नाही.

म्हणून टाकण्यापूर्वी वेगळे करावे लागते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. आईच्या औषधांच्या मुदत संपलेल्या गोळ्या, पारा असलेला तापमापक, ट्यूबलाइट हे त्या नियमांनुसार तिसऱ्या भागात येत. ते कोणाला देऊ नयेत आणि भंगारातही मिसळू नयेत. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेत शिसे असते; तो फोडून तांब्याची तार काढणारा मुलगा ते शिसे श्वासात घेतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अधिकृत संकलन केंद्र कोठे आहे याची चौकशी करण्याचे कष्ट मात्र आपल्यालाच घ्यावे लागतात. देवांच्या जुन्या तसबिरींची काच, चौकट आणि कागद वेगळे होऊ शकतात. गणेशमूर्ती आणि निर्माल्य नदीत न सोडता दान करण्याची चळवळ कोल्हापूर परिसराने पाहिली आहे. तेथे तसबिरीचे विसर्जन नदीतच व्हायला हवे, हा आग्रह सैल व्हायला हरकत नसावी.

आपण 'बाहेर' म्हणतो तेथे माणसे असतात, हे पुण्यातील एका संघटनेच्या नावानेच सांगितले आहे: 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. १९९३ मध्ये कचरावेचकांनी उभी केलेली ही संघटना. नावातील पहिले तीन शब्द वस्तूंचे आहेत आणि चौथा माणसाचा. याच चळवळीतून निघालेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे नागरिकांना सांगितले. पुडी न उघडता आत काय आहे ते वेचणारीला कळावे, एवढाच त्या ठिपक्याचा अर्थ. तो ठिपका म्हणजे टाकण्यातही शिल्लक राहिलेले संप्रदान आहे.

तुम्ही नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. घर आवरायला तुम्हाला आठवडा मिळणार नाही. एक रविवार आणि एक वही पुरे. वहीत तीन रकाने आखा: वस्तू, तिची आजची अवस्था आणि कोणाला. दुसरा रकाना भरताना घरातील वडीलधाऱ्यांना बोलवा. त्या अवस्थेसाठी त्यांच्याकडे एखादा शब्द असेल तर तोही टिपून घ्या, तुमच्या बोलीचा तो ऐवज आहे. तिसऱ्या रकान्यात माणसाचे, वाचनालयाचे, कासाराचे किंवा संकलन केंद्राचे नाव लिहा, आणि लिहिण्यापूर्वी त्यांना विचारा. ज्या वस्तूसमोरचा तिसरा रकाना कोरा राहील, ती तूर्त घरातच राहू द्या. आणि पुढच्या वेळी बाजारात तशीच नवी वस्तू हातात घ्याल, तेव्हा तो कोरा रकाना आठवा.