माहूरची माउली

साडेतीन शक्तिपीठांपैकी कोल्हापूर आणि तुळजापूर आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवर पडतात. माहूरला मात्र मुद्दामच जावे लागते. लातूरकडची मंडळीही आधी नांदेड गाठतात. तिथून एस.टी.ने सव्वाशेएक किलोमीटर गेले, की सागाचे रान लागते आणि डोंगरावर रेणुकामातेचे देऊळ दिसते. जवळच पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे विदर्भ.

पायऱ्या चढून गाभाऱ्यात गेलो. तुळजापूरची भवानी अष्टभुजा, वणीची सप्तशृंगी अठरा हातांची. इथे हात नाहीत, शस्त्र नाही, पायाशी महिषासुर नाही. सुमारे पाच फुटांचा शेंदूरचर्चित मुखवटा, एवढीच मूर्ती!

असे का, ते कथेत आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नींचा वध केला. परशुरामाने कावडीत एकीकडे पित्याचा देह आणि दुसरीकडे आईला घेतले व कोरी भूमी शोधत तो इथे आला. दत्तात्रेयांनी आचार्यपद पत्करले. रेणुका सती गेली. पुढे परशुराम आईच्या आठवणीने व्याकूळ झाला, तेव्हा आकाशवाणी झाली: आई तुला दर्शन देईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवेना. त्याने वळून पाहिले, तोवर जमिनीवर नुसते मुख आले होते.

एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणारा हा वीर. पण आईसाठी त्याला क्षणभर थांबवले नाही! देवीने त्याला शाप दिला नाही. जेवढी वर आली होती, तेवढी ती राहिली. माहूरचे माहात्म्य मला यातच दिसते. गावाचे जुने नाव मातापूर, आणि तीर्थाचे नाव मातृतीर्थ. दत्तप्रभूही रोज निद्रेला माहुरासच येतात, अशी श्रद्धा आहे. दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर इथेच आहे.

रेणुका आमची कुलदेवता. माझी आई गेल्या चैत्रात गेली. देवीसाठी तिने घेऊन ठेवलेला हिरवा खण पत्नीने ओटीत घातला. पुजाऱ्यांनी हातावर कुटलेल्या विड्याचा तांबूल ठेवला. तो तोंडात घालून मी पुन्हा त्या मुखाकडे पाहिले. आई गेल्यावर आपल्यालाही तिचा चेहराच तेवढा आठवत राहतो, नाही का?

नवरात्रात इथे फार गर्दी असते. दिवाळीनंतर जा, आईसमोर घटकाभर उभे राहता येते.