बाळूचा चौकोन



हे लिहावं की नाही याचा महिनाभर विचार केला. सुनेला विचारलं. ती म्हणाली, लिहा आई, फक्त माझं नाव नको.

मुलाच्या लग्नाला सहा वर्षं झाली. सुनेच्या नळ्या बंद, म्हणून संभाजीनगरला टेस्ट ट्यूबचे उपचार ठरले. बीडहून पहाटे निघायचं आणि सूर्यास्ताच्या आत जेवता यावं म्हणून डबा बरोबर ठेवायचा. डॉक्टरांनी सुरुवातीलाच जनुकीय समुपदेशनाला पाठवलं. मला वाटलं, बिल वाढवायचा आणखी एक प्रकार.

तिथली मुलगी तिशीची असेल. मोठा कागद घेतला, पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, आणि दोन्हीकडच्या तीन पिढ्या मांडायला बसली. "घरात कुणी लहान मूल गेलं होतं का?" मुलगा लगेच "नाही" म्हणाला. त्याला कुठून माहीत असणार?

मी आठ वर्षांची असताना माझा भाऊ बाळू गेला. दीड वर्षाचा होता. पांढराफटक पडत गेला, पोट फुगलं. आजी म्हणाली, दृष्ट लागली. आईने पुढे त्याचं नाव काढलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी तर तिने बजावलंच होतं, सासरी बोलू नकोस, माहेरात खोट आहे म्हणतील. चाळीस वर्षं मी ते पाळलं.

त्या दिवशी सांगितलं. तिने एक चौकोन काढून त्यावर तिरकी रेघ मारली. तो बाळू.

मग तिघांचं रक्त तपासलं. एचबीए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर असलं की बहुधा थॅलेसेमियाचे वाहक. मी वाहक, मुलगा वाहक आणि सूनही. वाहकाला स्वतःला आजार नसतो, रक्त थोडं कमी भरतं इतकंच. आयुष्यभर मी लोहाच्या गोळ्या आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले, ते ज्यासाठी खाल्ले ते कारणच नव्हतं! नळ्यांचाही याच्याशी संबंध नाही. पण आई-बाप दोघंही वाहक असले तर दर गर्भाला चारात एक धोका, आणि तशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मी बी. कॉम., म्हणून विचारलं, पहिलं आजारी निघालं तर पुढची तीन सुटली ना? ती म्हणाली, नाही काकू, दर वेळी नवीन खातं, मागची शिल्लक पुढे ओढायची नाही.

गोत्र टाळलं की झालं, असं आपण समजतो. पण समाज केवढा, आणि सोयरीक फिरून त्याच घरांत.

बीडमध्ये गर्भाची तपासणी म्हटलं की लोक वेगळंच समजतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. परळीचं प्रकरण २०१२ चं. शेजारची विचारूनच गेली, "मुलगाच पाहिजे का?" त्या मुलीने मात्र आधीच सांगितलं होतं की समुपदेशन केंद्रालाही सोनोग्राफी केंद्रासारखी नोंदणी लागते, आणि मुलगा की मुलगी हे कायद्याने कुणालाच सांगता येत नाही.

तिने वाटा सांगितल्या. पाचव्या दिवशी गर्भाच्या काही पेशी तपासायच्या आणि आजार नसलेलाच ठेवायचा. नाहीतर दिवस गेल्यावर अकराव्या-बाराव्या आठवड्यात तपासणी. दात्याचं बीज. दत्तक. "कोणती घ्यायची हे मी सांगणार नाही," म्हणाली.

आणि जे गर्भ ठेवायचे नाहीत, त्यांचं काय? मुंगी वाचवायला पीठ तीनदा चाळणारी मी. रात्री सामायिकात बसले, मन लागेना. माताजींना विचारायचं धाडस झालं नाही. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "आई, बाळूमामांना काय काय झालं ते नीट सांगा ना." सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. दोघांचं अजून ठरलेलं नाही, मीही घाई करत नाही.

पण माझ्या दोन मावश्या, त्यांची सहा मुलं, त्यांची नातवंडं लग्नाला आलेली. काल वहीत सगळ्यांचे नंबर उतरवले. पहिला फोन लातूरला लावला. मावसबहीण आधी रागावली, "इतक्या वर्षांनी हे कशाला उकरतेस?" मग हळूच म्हणाली, "धाकटीचं हिमोग्लोबिन नऊच्या वर जातच नाही गं. त्या तपासणीचं नाव पुन्हा सांग, लिहून घेते."